जवानाचा एकाकी अंत आणि नेतृत्वाचे उत्तरदायित्व

ऑक्टोबर २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये सेवेत असलेल्या एका तरुण अग्निवीराचा मृत्यू झाला. त्याच्या अंत्यसंस्काराच्या वेळी लष्करी मानवंदना देण्यात आली नाही आणि त्यावरून देशभर वाद पेटला. अग्निवीर म्हणून त्याला दुय्यम वागणूक मिळाली, असा आरोप झाला. त्यावर लष्कराने एक निवेदन काढले. भरती कोणत्याही योजनेखाली झालेली असो, स्वतःच्या हाताने ओढवलेल्या मृत्यूला मानवंदना दिली जात नाही. १९६७ च्या लष्करी आदेशापासून हाच नियम सर्वांना सारखा लागू आहे, असा त्या निवेदनाचा आशय होता. आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ लष्कराने एक आकडाही दिला. २००१ पासून दरवर्षी सरासरी १०० ते १४० सैनिक अशा रीतीने मृत्यू पावत आले आहेत आणि त्यांपैकी कोणालाही मानवंदना दिली गेलेली नाही.

वाद यथावकाश शमला. कोणत्या पक्षाने काय म्हटले, हे आज कोणाला आठवतही नसेल. परंतु तो आकडा मात्र जिथल्या तिथे उभा आहे. दरवर्षी १०० म्हटले, तरी बावीस वर्षांत दोन हजारांहून अधिक जवान होतात. कारगिलच्या युद्धात १९९९ साली आपले ५२७ सैनिक धारातीर्थी पडले. त्यांची नावे शिळांवर कोरलेली आहेत आणि दर वर्षी जुलै महिन्यात आपण त्यांना वंदन करतो. त्यांच्या चौपट संख्येने जे गेले, त्यांची नावे मात्र केवळ चौकशीच्या कागदांत आहेत. ही तुलना शौर्याची नव्हे, केवळ हानीची आहे. आणि ज्या हानीची नोंद नियमभंगाच्या सदरात होते, तिचा शोक करण्याची व तिच्या कारणांचा विचार करण्याची सवय समाजाला लागत नाही.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने आकडा दिसताच भावनेच्या आहारी न जाता त्याचा छेद विचारावा, अशी अपेक्षा असते. आपल्या भूसेनेचे बळ सुमारे बारा लाख. त्यामागे वर्षाला १०० ते १४० मृत्यू म्हणजे दर लाखास आठ ते बारा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांचा दर लाखास १२.४ होता. सर्वाधिक, म्हणजे २२,७४६ आत्महत्या आपल्या महाराष्ट्रात झाल्या. याचा अर्थ सेनेतील दर देशाच्या दरापेक्षा अधिक नाही. मग चिंता कशाची, असे कोणी म्हणेल.

चिंता आहे, कारण ही तुलना सारख्यांची नाही. देशाच्या दरात बेकार आहेत, व्याधिग्रस्त आहेत, कर्जबाजारी आहेत, वृद्ध व निराधार आहेत. सैनिक हा शरीराने व मनाने पारखून घेतलेला तरुण असतो. त्याला नियमित वेतन आहे, औषधोपचार आहे, पोटाची ददात नाही. अशा निवडक समूहात हा दर देशाच्या दरापेक्षा कितीतरी खाली असावयास हवा. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचे चित्र तर अधिक उद्वेगजनक आहे. २०१२ ते २०२२ या काळात त्या दलांतील १,२०५ जणांनी आपले जीवन संपविल्याचे गृह मंत्रालयाने संसदेत सांगितले. एकट्या २०२१ सालात ही संख्या १५६ होती. दहा लाखांच्या आसपास असलेल्या या दलांचा दर देशाच्या सरासरीलाही ओलांडून गेला. सैन्य आणि निमलष्करी दले यांत पारख साधारण सारखी, धोके साधारण सारखे. मग हा फरक कोठून येतो? पलटणीच्या रचनेतून येतो, असे मानण्यास जागा आहे. सैन्याची पलटण एकत्र हलते, एकत्र राहते. पोलीस दलांच्या तुकड्या मात्र निवडणूक, बंदोबस्त, दंगल यांसाठी फोडून आज एका राज्यात तर उद्या दुसऱ्या राज्यात पाठविल्या जातात.

हा विचार नवा नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने १८९७ साली आत्महत्येवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वरकरणी अत्यंत खाजगी वाटणाऱ्या या कृतीची मुळे समाजाच्या बांधणीत असतात, हे त्याने आकडेवारीने दाखविले. माणूस समूहापासून तुटला की धोका वाढतो, ही त्याची एक बाजू सर्वपरिचित आहे. दुसरी बाजू आपण सहसा विसरतो. त्या काळच्या युरोपीय सैन्यांत नागरिकांपेक्षा आत्महत्येचे प्रमाण अधिक होते आणि ते नव्या रंगरुटांत नव्हे, तर दीर्घकाळ सेवा केलेल्यांत वाढत होते. त्यावरून दुर्खीमने असा निष्कर्ष काढला की, समूहात माणूस इतका विरघळून जावा की त्याच्या स्वतंत्र जिवाला किंमतच उरू नये, हीदेखील एक घातक अवस्था आहे. पुढे २००५ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर याने तीन गोष्टींकडे लक्ष वेधले: आपण कोणाचेच नाही ही भावना, आपण इतरांवर ओझे झालो आहोत ही भावना आणि मृत्यूच्या भीतीची सवयीने झालेली बोथट धार. यांपैकी तिसरी गोष्ट सैनिकाच्या पेशाबरोबरच येते. ती टाळता येत नाही. उरलेल्या दोन मात्र टाळता येतात, आणि त्या टाळणे हेच नेतृत्वाचे काम आहे.

आता आपल्या मराठवाड्याकडे पाहू. संभाजीनगरची छावणी ही आपल्या शहराची जुनी ओळख. १८५७ च्या जून महिन्यात येथल्याच घोडदळाच्या सैनिकांनी बंडाचा झेंडा उभारला होता. सैन्यात अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या महाराष्ट्रातील मुलांची पूर्वतयारी करून घेणारी शासकीय संस्था १९७७ पासून याच शहरात आहे. परंतु जवान होण्याचे स्वप्न पाहणारी मुले मुख्यतः कोरडवाहू गावांतून येतात. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर धावणारी ही मुले सकाळी आमच्या वर्गात पेंगतात. त्यांच्यावर रागावणे कोणाही शिक्षकाला जमणार नाही. भरती ही त्यांच्या घरची एकमेव सिंचन योजना असते.

म्हणूनच जवान सीमेवर असला, तरी त्याचे अर्धे मन शिवारात असते. माझा एक माजी विद्यार्थी काही वर्षांपूर्वी रजेवर आला असता भेटला. वडिलांच्या पश्चात जमिनीच्या हद्दीचा तंटा सुरू झाला होता. महिनाभराच्या रजेतले अठरा दिवस त्याने कचेऱ्यांचे उंबरठे झिजविण्यात घालविले. साहेब दौऱ्यावर, कारकून रजेवर, नक्कल पुढच्या आठवड्यात. निघताना तो म्हणाला, ‘‘सर, तिकडं शत्रू कुठल्या बाजूला आहे ते तरी ठाऊक असतं.’’ हे वाक्य तो हसत म्हणाला. परंतु त्या हसण्यात हसण्यासारखे काही नव्हते. रजेवरून परतल्यानंतरच्या काळात असे मृत्यू मोठ्या संख्येने घडतात, असे सशस्त्र पोलीस दलांच्या संदर्भात आढळून आले आहे. ते वाचले, तेव्हा मला हा मुलगा आठवला. रजा म्हणजे विश्रांती हे आपले गृहीतक. प्रत्यक्षात रजा म्हणजे वर्षभर साचलेल्या प्रश्नांची परीक्षा असते, आणि त्या परीक्षेत नापास होऊन जवान बंदुकीपाशी परततो.

वास्तविक कायदा त्याच्या बाजूने आहे. १९२५ सालचा भारतीय सैनिक दावे अधिनियम विशेष वा युद्धजन्य परिस्थितीत सेवा करणाऱ्या सैनिकाच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्धचा दावा पुढे रेटला जाऊ नये, अशी तरतूद करतो. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत. सैनिकांच्या कुटुंबांना विधिसाहाय्य मिळावे म्हणून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२५ साली एक योजनाही सुरू केली. उणीव कागदाची नाही, तो कागद हातात घेऊन उभा राहणाऱ्या माणसाची आहे. जवानाच्या अर्जावर आठ दिवसांत उत्तर देणारा तहसील कार्यालयातील कारकून हादेखील या अर्थाने देशरक्षणात सहभागी असतो. या लेखाच्या वाचकांत असे अनेक कारकून व अधिकारी असतील. त्यांनी हे वाक्य उपदेश म्हणून नव्हे, विनंती म्हणून वाचावे.

तथापि सर्व भार घरगुती कारणांवर टाकून मोकळे होणे, ही सोयीची पळवाट आहे. घरगुती अडचणी सर्वांनाच असतात. त्या सांगण्यासाठी कोणी आहे की नाही, हा प्रश्न पलटणीच्या आतला आहे. २०१७ च्या प्रारंभी जवानांनी आपली गाऱ्हाणी मांडणाऱ्या चित्रफिती प्रसृत केल्या. त्यानंतर तत्कालीन सेनाप्रमुखांनी तक्रारपेट्यांची व्यवस्था जाहीर केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत एका वृत्तसंस्थेने नाशिकजवळच्या देवळाली छावणीत छुप्या कॅमेऱ्याने चित्रण केले. अधिकाऱ्यांच्या घरची कुत्री फिरविणे, मुलांना शाळेत पोचविणे अशी कामे सहायक जवानांना करावी लागतात, हे त्यात दिसले. चित्रणात बोललेला एक तोफखान्यातील जवान काही दिवसांनी, मार्चच्या आरंभी, छावणीतील एका ओसाड बराकीत मृतावस्थेत आढळला. पत्रकार महिलेवर व एका निवृत्त सैनिकावर गुन्हा नोंदविण्यात आला. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्या जवानाच्या मनात शेवटी काय होते, यावर तर्क करण्याचा अधिकार कोणाला नाही. गुप्तपणे चित्रण करणाऱ्यांनी त्याची ओळख पुरेशी सांभाळली काय, हा प्रश्नही रास्तच आहे. परंतु त्याहून मूलभूत प्रश्न वेगळा आहे. शेकडो सहकाऱ्यांनी गजबजलेल्या छावणीत, ‘‘माझ्या हातून चूक झाली, आता काय करू?’’ असे ज्याला विचारता येईल असा एकही वरिष्ठ त्याला का दिसू नये?

सहायक ही व्यवस्था मुळात परस्परांची राखण करणाऱ्या जोडीदाराची आहे, असे सैन्य सांगते आणि रणभूमीवर ती तशी असतेही. परंतु जोडीदार आणि गडी यांत फरक आहे. जोडीदार आपले दुःख सांगू शकतो, गड्याला ती मुभा नसते. ज्या क्षणी जवानाच्या हातात बंदुकीऐवजी कुत्र्याची साखळी येते, त्या क्षणी केवळ त्याचा मान जात नाही, तर अधिकाऱ्यापाशी मन मोकळे करण्याची वाटही बंद होते.

नेतृत्वाने फरक पडतो काय, याचे उत्तर अनुभवाने मिळालेले आहे. अमेरिकेच्या हवाई दलाने १९९६ साली आत्महत्या हा केवळ डॉक्टरांचा विषय नसून संपूर्ण दलाचा व त्याच्या सेनानींचा विषय आहे, असे ठरविले. सर्वोच्च अधिकाऱ्यांनी स्वतः संदेश दिले, मदत मागणे हे दुबळेपण नाही हे वरून खाली झिरपू दिले, प्रत्येक पातळीच्या प्रमुखाला प्रशिक्षण दिले आणि त्याच्याकडून हिशेब घेतला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील आत्महत्येचा धोका एक तृतीयांशाने घटला. पुढच्या अभ्यासात तितकीच बोलकी गोष्ट आढळली. २००४ साली या कार्यक्रमाची अंमलबजावणी सैल पडली आणि त्या वर्षी दर पुन्हा उसळला. औषध गुणकारी होते, परंतु ते रोज घ्यावयाचे होते.

आपल्या सैन्याने हे ओळखलेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ‘मिलाप’ व ‘सहयोग’ हे उपक्रम झाले, समुपदेशक नेमले गेले, मानसिक साहाय्याचे दूरध्वनी सुरू झाले. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात ‘टेली-मानस’चा खास सेनादलांसाठीचा कक्ष उघडण्यात आला. जवानाला वर्षाकाठी साठ दिवसांची वार्षिक व तीस दिवसांची नैमित्तिक रजा मिळते. निमलष्करी दलांतील जवानांना वर्षातून शंभर दिवस कुटुंबासमवेत मिळावेत, असे केंद्रीय गृहमंत्र्यांनी २०१९ साली जाहीर केले. परंतु कंपनीतील शंभरावर जवानांना नावाने, गावाने आणि घरच्या अडचणीने ओळखणारा अधिकारी हाच खरा समुपदेशक होय. आणि अधिकाऱ्यांच्या आठ हजारांवर जागा रिकाम्या असल्याचे संसदेत सांगितले गेले आहे. एका अधिकाऱ्यावर दोघांचा भार पडला की अहवाल वेळेवर जातात, परंतु संध्याकाळी बराकीत चक्कर मारणे राहून जाते. राहून गेलेल्या या चकरेची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

याच संदर्भात अग्निपथ योजनेचाही विचार व्हावा. २०२२ पासून भरती झालेल्या अग्निवीरांची मुदत चार वर्षांची आहे. त्यांतील २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम होऊ शकतात. निवृत्तिवेतनाच्या वाढत्या बोजाचा शासनाचा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या कोणाही अध्यापकाला समजतो. परंतु ज्या चौघांनी एकमेकांसाठी जीव द्यावयाचा, त्यांतल्या एकालाच नोकरी उरणार असेल, तर त्यांच्या नात्यात स्पर्धेचा मीठखडा पडणार नाही काय? आपुलकीला बाजारभाव नसतो, म्हणून ती खर्चाच्या तक्त्यात दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टींची बचत करणे सर्वांत सोपे असते आणि सर्वांत महागही पडते.

मदत मागण्याच्या वाटेवर आपण स्वतःच काटे पेरून ठेवले आहेत, हेही मान्य केले पाहिजे. नागरिकांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखालील व्यक्ती मानून शिक्षेऐवजी उपचार दिले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो जुना सर्वसाधारण गुन्हाच उरलेला नाही. परंतु १९५० च्या सेना अधिनियमाचे चौसष्टावे कलम आजही अशा प्रयत्नाची गणना अपराधांत करते. शिवाय मनाचे दुखणे वैद्यकीय श्रेणीत नोंदले गेले की बढती व नेमणुकीवर त्याची छाया पडते, ही भीती प्रत्येकाच्या मनात असते. पाय मोडला तर इस्पितळ, मन मोडले तर चौकशी, हा भेद असेपर्यंत कोण आपणहून दार ठोठावील?

आणि शेवटी तो मानवंदनेचा प्रश्न. मराठवाड्यातील वाचकाला यातील दुःख वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर त्याची फाइल ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरविणाऱ्या बैठका आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पात्र ठरला तर एक लाख रुपये, अपात्र ठरला तर मरणालाही कारण नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी जवान आणि किसान यांचा जयघोष एका दमात केला. आपल्या व्यवस्थेने त्या दोघांना मृत्यूनंतर एकाच रकान्यात बसविले आहे, हा दैवदुर्विलास होय.

मानवंदना दिल्याने आत्महत्येला प्रतिष्ठा मिळेल, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो धुडकावून लावणे योग्य नाही. रणात पडलेल्याचा आणि असा गेलेल्याचा सन्मान एकच असावा, असे माझे म्हणणे नाही. परंतु वीरमरणाची सलामी आणि सेवेची कृतज्ञता या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. पंधरा वर्षे बर्फात उभा राहिलेला माणूस अखेरच्या एका तासामुळे सैनिक नव्हता असे ठरत नाही. अमेरिकेतही रणक्षेत्रात आत्महत्या केलेल्या सैनिकाच्या कुटुंबाला राष्ट्राध्यक्षांचे सांत्वनपत्र न पाठविण्याची प्रथा होती. जुलै २०११ मध्ये ओबामांनी ती बदलली. पत्राने मेलेला परत येत नाही. परंतु त्याच्या आईला गावात मान वर करून चालता येते, आणि त्याच्या बराकीतल्या एखाद्या गप्प जवानाला कळते की आपण पडलो तरी आपले लोक आपल्याला टाकणार नाहीत.

करावयाच्या गोष्टी फार नाहीत. सेना अधिनियमातील ते कलम रद्द व्हावे. १९६७ च्या आदेशाचा फेरविचार होऊन निदान पलटणीचा प्रतिनिधी, सेनानीचे पत्र आणि सेवेचा गौरव एवढे तरी प्रत्येक घरी पोचावे. रजेवरून परतलेल्या प्रत्येक जवानाशी त्याच्या कंपनीच्या अधिकाऱ्याने पहिल्या आठवड्यात एकांतात बोलावे आणि हे बोलणे कवायतीइतकेच बंधनकारक असावे. जवानाच्या घरच्या कामाचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात मुदतीत निकाली निघावा. आणि तुकडीच्या प्रमुखाचे मूल्यमापन करताना तिची नेमबाजी जशी पाहतात, तशी तिच्यातील माणसांची खुशालीही पाहिली जावी.

आपल्या सैन्याची परंपरा ‘नाम, नमक, निशान’ या तीन शब्दांत सांगितली जाते. नाव पलटणीचे, मीठ देशाचे, निशाण दोघांचे. हा करार एकतर्फी नसतो. ज्याने मिठाला जागून वर्षानुवर्षे पहारा केला, त्याच्या मनातल्या रात्रीवर पहारा करण्याचे काम नाव आणि निशाण मिरविणाऱ्यांचे आहे. आपणा नागरिकांचाही त्यात वाटा आहे. गावात जवान रजेवर आला की आपण त्याला सीमेवरच्या हकिकती विचारतो. एखाद्या वेळी त्याला ‘‘तू कसा आहेस?’’ एवढेच विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. ज्या कोणाला, जवान असो वा विद्यार्थी, मनाचा भार असह्य वाटत असेल, त्याने १४४१६ या ‘टेली-मानस’च्या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही बोलावे. बोलणे हे शरण जाणे नव्हे. कुमक मागविणे हा तर रणनीतीचाच भाग आहे, आणि ती मागणाऱ्याला कोणत्याही सैन्यात भ्याड म्हणत नाहीत.